इंजिनच्या पलीकडची तेलं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा सरत आला की फोर-व्हील ड्राइव्ह आणि ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांची पत्रं वाढतात. या वेळची पत्रं ठाणे आणि नवी मुंबईची आहेत. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी मंडळीही गाडीखाली आणखी तीन-चार डबे तेलाचे आहेत हे विसरतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा डबा), पुढचं आणि मागचं डिफरन्शियल (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), काही गाड्यांत क्लचवाली कपलिंग (गरज पडली की मागची चाकं जोडणारी). प्रत्येकाचं तेल वेगळं असू शकतं. आपल्या गाडीत कुठल्या डब्यात काय लागतं हे मॅन्युअलमधल्या तक्त्यात बघून कागदावर लिहा, मग पाना हातात घ्या.

माझ्याकडे २००९ सालची होंडा सीआर-व्ही आहे, २.४ लिटर, ऑल-व्हील ड्राइव्ह. सोसायटीच्या पोडियमवर स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली की मागून घुर्र आवाज येतो आणि गाडी थरथरते. सरळ रस्त्यावर काहीच नाही. गॅरेजवाले म्हणतात डिफरन्शियल उघडावं लागेल. आधी तेल बदलून बघू का? घरी जमेल?
*— एक वाचक, खारघर*

आधी तेलच बदला. या गाडीत हे लक्षण जुन्या तेलाचंच असण्याची शक्यता सगळ्यात मोठी आहे.

मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन पंप आणि एक क्लच पॅक असतो. एक पंप पुढून येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टबरोबर फिरतो, दुसरा मागच्या चाकांबरोबर. दोघांचा वेग सारखा असला की दाब तयार होत नाही, क्लच सुटा राहतो. पुढची चाकं घसरली की वेगात फरक पडतो, तेलाचा दाब वाढतो, क्लचच्या चकत्या आवळल्या जातात आणि मागच्या चाकांना जोर मिळतो. घट्ट वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे तिथेही थोडा फरक पडतो. तेल ताजं असताना चकत्या एकमेकींवरून अलगद सरकतात. तेलातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की त्या धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. तुम्हाला ऐकू येणारी घुर्र तीच. गिअर खराब असता तर सरळ रस्त्यावर वेगात हुंकार आला असता.

तेल फक्त होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड. बाटलीवर डीपीएसएफ किंवा ड्युअल पंप फ्लुइड टू असं लिहिलेलं असतं. साधं ९० नंबरचं गिअर ऑइल इथे घालू नका. दुकानदार 'सगळ्या डिफरन्शियलला हेच चालतं' म्हणेल, पण त्याने क्लच पॅक बिघडेल. लागतं एक लिटरच्या थोडं वर, म्हणून दोन बाटल्या आणा. सोबत दोन्ही प्लगचे नवे अॅल्युमिनियम वॉशर घ्या. हे वॉशर एकदाच दबतात, जुने उलटे करून बसवण्यात शहाणपण नाही.

अवजारं अशी : तीन-अष्टमांश इंची रॅचेट (तिचं चौकोनी टोक या प्लगमध्ये थेट बसतं, गोटी लागत नाही), तेवढ्याच चौकोनाची लांब दांडी, टॉर्क रेंच, दोन-तीन लिटरचं पसरट भांडं, हातपंप किंवा मोठी सिरिंज, मीटरभर पारदर्शक नळी, चिंध्या, ब्रेक क्लीनर. खाली मोठा पुठ्ठा अंथरा. पोडियमवर तेलाचा डाग पडला की सेक्रेटरींचं पत्र डाग वाळायच्या आत येतं.

जागा सपाट हवी. पोडियमला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. फोनमधल्या लेव्हलने बघा. तेलाची पातळी भरायच्या भोकाच्या काठावरून ठरते, त्यामुळे गाडी पुढून उंच असेल तर माप चुकतं. फक्त मागची चाकं उचलली तरी तेच. अंगाने बारीक असाल तर जॅक न लावताही हात पोचतो, आणि तेच सगळ्यात सुरक्षित. उचलायचीच असेल तर चारही बाजूंना स्टँड लावा. पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे पाय रुततात, त्याखाली जाड प्लायवूडचे तुकडे ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. आणि ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीची दोनच चाकं हवेत असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरची चाकं गाडीला स्टँडवरून ओढून काढतील.

आता काम. गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे तेल पातळ होतं. सायलेन्सर जवळच असतो, दहा मिनिटं थांबा. प्लगभोवतीचा चिखल ब्रशने काढा, नाहीतर तो आत पडतो. आधी वरचा, भरायचा प्लग उघडा. तो सुटतो याची खात्री झाल्यावरच खालचा काढा. हा क्रम उलटा केलेल्यांची पत्रं आम्हाला दर महिन्याला येतात, त्यातलं एक पुढे आहेच.

तेल शेवटच्या थेंबापर्यंत गळू द्या, पंधरा-वीस मिनिटं. निघणारं तेल काळपट असेल, जळका वासही येईल, त्याने घाबरू नका. चिंधीवर थोडं घेऊन उन्हात बघा. बारीक करडी पूड चालते. नखाला टोचणारे धातूचे कण असतील तर गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं असू शकतं.

खालचा प्लग नव्या वॉशरसकट हाताने आटे धरवून लावा, मग टॉर्क रेंचने ४७ न्यूटन-मीटर. आवरण अॅल्युमिनियमचं आहे. दांडीला पाईप जोडून आवळलात तर आटे जातात, मग इन्सर्ट (नव्या आट्यांची नळी) टाकण्याचा खर्च तेलाच्या कित्येक पट. नळीने तेल भरत राहा, भोकातून बारीक धार बाहेर आली की थांबा. धारेचे थेंब झाले की वरचा प्लगही तेवढ्याच टॉर्कने बसवा.

काम इथे संपत नाही. चकत्यांच्या मधे जुनं तेल अडकलेलं असतं. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल चकरा मारा, दोन्ही बाजूंना, पाच-सहा वेळा. आवाज बहुधा तिथेच कमी होईल. थोडा उरला तर काही दिवस चालवून एकदा पुन्हा तेल बदला. दुसऱ्या बदलानंतरही जसाच्या तसा राहिला तर मात्र गॅरेज.

घोडबंदर रोडला तुंबलेल्या पाण्यातून फोर-बाय-फोर जीप काढली. पाणी चाकाच्या मध्यावर होतं. इंजिन ठीक आहे. आता काही करायला हवं का? एक मित्र म्हणतो दिवाळीच्या सर्व्हिसिंगला बघू.
*— एक वाचक, कासारवडवली*

मित्राचं ऐकू नका. चाकाच्या मध्यावर पाणी म्हणजे दोन्ही डिफरन्शियल पाण्यात होते.

चालून गरम झालेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि निर्वात तयार होतो. ती पोकळी भरायला हवा ब्रीदरमधून, म्हणजे आवरणावरच्या हवा जा-ये करायच्या छोट्या तोंडातून, यायला हवी. पण आपल्याकडे ब्रीदरच्या टोपणाखाली चिखल वाळून बसलेला असतो, किंवा ब्रीदरच पाण्याखाली असतो. मग पाणी अॅक्सलच्या सीलमधून, पिनियनच्या (शाफ्टकडच्या छोट्या गिअरच्या) सीलमधून आत ओढलं जातं. सील तेल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेलं असतं, पाणी आत येऊ नये म्हणून नव्हे.

हे तपासायला गाडी गरम करू नका. रात्रभर उभी ठेवा, पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. सकाळी गाडी न हलवता आधी वरचा प्लग सुटतो का बघा, मग खालचा प्लग पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले किंवा दुधी, कॉफीच्या रंगाचं तेल आलं तर निदान झालं. गाडी त्यानंतर बरीच चालली असेल तर पाणी आणि तेल घुसळून गेलेलं असतं, मग थेट दुधी रंगच दिसेल.

उपाय सरळ आहे, फक्त एकदा केल्याने भागत नाही. सगळं तेल काढा, योग्य ग्रेडचं पण स्वस्तातलं गिअर ऑइल भरा, वीस-तीस किलोमीटर चालवा, गरम असतानाच काढा. रंग स्वच्छ होईपर्यंत हेच करा, बहुतेक वेळा दोनदा पुरतं. शेवटी चांगलं तेल. डिझेल किंवा रॉकेल घालून धुण्याची जुनी पद्धत टाळा. त्याचा अंश बेअरिंगमध्ये राहतो आणि नवं तेल पातळ करतो. ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सही असेच तपासा. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या वळत्या सांध्याला) ग्रीस भरायचे निपल असतील तर ग्रीस गनने चारही टोकांतून ताजं ग्रीस दिसेपर्यंत भरा. हे काम मेकॅनिक हटकून विसरतात, आणि गंजलेला क्रॉस महिन्या-दोन महिन्यांनी टकटक करायला लागतो.

थांबलात तर काय होतं? दुधी तेलात गिअरच्या दातांमधला तेलाचा थर तुटतो आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात. ठिपका पडलेलं बेअरिंग तेल कितीही बदललं तरी सुधारत नाही, त्याचा हुंकार वाढतच जातो.

पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही ब्रीदर काढून साफ करा आणि इंधनाला वापरतात तसल्या रबरी पाईपने त्यांची टोकं वर न्या : पुढचं इंजिन बेमध्ये, मागचं टेललॅम्पच्या उंचीला. पाईपला कुठे खोलगट झोळ पडू देऊ नका, त्यात पाणी साचतं.

जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा वरच्या दर्जाचं, मग सगळीकडे जीएल-५ च का घालू नये? आणि ७५डब्ल्यू-९० घ्यावं की ८०डब्ल्यू-९०?
*— एक वाचक, ऐरोली*

जीएल म्हणजे गिअर ऑइलचा प्रकार, त्याचे आकडे ही परीक्षेतली श्रेणी नाही. डिफरन्शियलमधले हायपॉइड गिअर एकमेकांवर घासत फिरतात, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं भरपूर असतात, जीएल-४ च्या साधारण दुप्पट. हीच द्रव्यं मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझरना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) कालांतराने खातात, आणि त्यांना लागणारं घर्षणही देत नाहीत. मग गिअर टाकताना खरखर. ज्या गिअरबॉक्सला कंपनीने जीएल-४ सांगितलं आहे तिथे जीएल-४ च. उलट, डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घातलं तर क्राउन आणि पिनियनचे दात झिजतात.

ट्रान्सफर केसचं आणखी निराळं. साखळीवर चालणाऱ्या अनेक केसमध्ये लाल रंगाचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड असतं, गिअरवर चालणाऱ्यांत गिअर ऑइल. खालून दिसायला डबा सारखाच, म्हणून अंदाजावर जाऊ नका. मर्यादित घसरणीचं, म्हणजे एलएसडी, डिफरन्शियल असेल तर जीएल-५ सोबत फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सांभाळणारं द्रव्य) लागतो का तेही मॅन्युअलमध्ये बघा.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ठाण्यात पारा क्वचितच दहाच्या खाली जातो, त्यामुळे इथे ७५ आणि ८० मध्ये फारसा फरक जाणवणार नाही. महत्त्वाचा आहे तो नंतरचा आकडा. तुमच्या पत्रात '९० म्हणजे इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड' असंही आहे, तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचं ९० गरम असताना इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच असतं.

खालचा प्लग काढून मागच्या डिफरन्शियलचं तेल सोडलं, आणि आता वरचा प्लग सुटत नाही. चौकोनाचे कोपरे गोल झालेत. गाडी बिल्डिंगखाली उभी आहे.
*— एक वाचक, कळवा*

गाडी एक फूटही चालवू नका. आता घाई नाही, कारण नुकसान अजून काहीच झालेलं नाही.

खालचा प्लग लावून घ्या. वरच्या प्लगच्या कडेने गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हातोडीने प्लगच्या डोक्यावर सरळ चार-सहा ठोके द्या. आट्यांमधला गंज धक्क्याने फुटतो, नुसत्या पिळण्याने नाही. आवरण बिडाचं असेल तर हीट गनने भोकाभोवतीचा भाग तापवा, प्लग नव्हे. मग किंचित मोठ्या मापाची टॉर्क्स बिट ठोकून बसवा आणि लांब दांडीने हळू जोर द्या. तरी नाही सुटला तर वेल्डरकडून प्लगवर नट चिकटवून घ्यावा लागेल. वेल्डिंगच्या उष्णतेनेच प्लग बहुधा ढिला होतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा.

वेल्डर गाडीकडे येत नसेल तर ब्रीदर काढून त्या भोकातून बारीक नळीने मोजून तेल भरता येतं. मॅन्युअलमधलं माप अचूक हवं, कारण पातळी बघायला भोक नाही. तेवढ्यावर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. टोइंगच करायचं असेल तर ट्रकच्या सपाट पाठीवर चढवून. दोन चाकं उचलून ओढल्यास ऑल-व्हील ड्राइव्हची कपलिंग जळू शकते.

नवा प्लग घ्या. गोल झालेला पुन्हा लावायचा मोह टाळा.

स्कोडा कोडियाक फोर-बाय-फोर आहे. कपलिंगचं तेल आयुष्यभर चालतं असं ऐकलं. ओल्या चढावर पुढची चाकं घसरतात, मागची जोर देत नाहीत असं वाटतं. डॅशबोर्डवर काही दिवा नाही.
*— एक वाचक, नेरूळ*

आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर, हा प्रश्न आहे. हॅल्डेक्स पद्धतीच्या या कपलिंगमध्ये क्लचच्या चकत्या आणि विजेवर चालणारा पंप असतो. चकत्यांची झीज त्याच तेलात मिसळते. पाचव्या पिढीच्या कपलिंगला, म्हणजे तुमच्या गाडीतल्या, बदलायचा फिल्टर नाही. आहे फक्त पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी, आणि ती काळ्या गाळाने बंद होते. पंप ओढतच राहतो, दाब तयार होत नाही आणि शेवटी पंप जळतो. दिवा लागेलच असं नाही. त्यामुळे नुसतं तेल काढून नवं भरणं अर्धवट काम आहे. तीन वर्षांनी तेल आणि त्याच वेळी पंप काढून जाळी धुणं, हे वेळापत्रक ठेवा.

पंप दोन छोट्या स्क्रूंवर असतो. काढताना भोवतालची माती आधी फुंकून घ्या, जाळी ब्रेक क्लीनरने धुवा, दाबाच्या हवेने फाडू नका. ओ-रिंग नव्या, तेल लावून बसवा. लागणारं तेल पाऊण लिटरच्या आसपास, हॅल्डेक्ससाठीचंच.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. कपलिंग आणि मागचं डिफरन्शियल एकाच आवरणात शेजारी आहेत, पण त्यांचे कप्पे आणि प्लग वेगळे. चुकून डिफरन्शियलचं गिअर ऑइल कपलिंगमध्ये गेलं तर चकत्या धरणार नाहीत आणि सगळं पुन्हा धुवावं लागेल. कुठला प्लग कशाचा याची खात्री नसेल तर हे काम घरी करू नका. बाकीची बहुतेक तेलं घरी बदलायला आमची हरकत नाही, इथे आहे.

जुन्या जिप्सीच्या डिफरन्शियलमध्ये 'थोडं जास्त बरं' म्हणून तेल जास्त भरलं. आता मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेल येतंय.
*— एक वाचक, कोपरी*

जास्त तेल गिअर घुसळतात, फेस होतो, आतला दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमजोर सीलमधून वाट काढतं. जिप्सीत मागच्या डिफरन्शियलला साधारण दीड लिटर, पुढच्याला साधारण दोन. तुम्ही दोन्हीकडे सारखं भरलंत का?

सपाट जागेवर वरचा प्लग काढा आणि जास्तीचं वाहून जाऊ द्या. ब्रीदर तपासा. मग त्या चाकाचा ब्रेक ड्रम उघडा. तेल ब्रेकच्या लायनरवर पोचलं असेल तर लायनर बदला, पेट्रोलने पुसून भागत नाही, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे बदला. सील नवा. हे होईपर्यंत गाडी उभी ठेवा, कारण एका बाजूचा ब्रेक लागत नसेल तर गाडी ब्रेकवर ओढते.

काढलेलं तेल कुठे द्यायचं?
*— एक वाचक, वाशी*

गटारात नाही. आपल्याकडचे नाले ठाणे खाडीला जातात, आणि तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात कूलंट, पेट्रोल, पाणी मिसळू नका (मिसळलेलं कोणी घेत नाही) आणि ज्या सर्व्हिस सेंटरमधून अधिकृत रीसायकलर तेल उचलतो तिथे द्या. फोन करून आधी विचारा. दुधी झालेलं तेल वेगळ्या कॅनमध्ये.

पुढचे दोन टायर गेलेत. दोनच नवे घेतले तर ऑल-व्हील ड्राइव्हला चालेल? मागच्या टायरची नक्षी साधारण तीन मिलिमीटर उरलीय.
*— एक वाचक, सानपाडा*

नाही. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर, म्हणजे व्यासात दहा मिलिमीटरचा फरक. २२५/६५ आर१७ च्या टायरला हिशेब केला तर दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण सहा फेऱ्यांचा फरक पडतो. पाम बीच रोडवर सरळ जाताना कपलिंगला वाटतं की चाकं घसरतायत. ती सतत धरते-घसरते, तापते, आणि तेल जळतं. नक्षीतला फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवा. चारही बदला, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे, आणि पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे फिरवत राहा. वेगवेगळ्या झिजेच्या टायरवर गाडी आधीच बरीच चालली असेल तर नवे टायर बसवतानाच कपलिंगचं तेलही बदलून घ्या.